दोघांची एकच मुदत

शेंगा फोडताना आई गायची. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पत्र्याच्या शेडात पंधरा-वीस बायका गोल करून बसलेल्या असायच्या, टरफलांचे ढीग गुडघ्यांना टेकलेले, हवेत लालसर धूळ. त्या कडकड आवाजावरून आईचा आवाज वर यायचा. जरा घोगरा, धुळीनं बसलेला, पण सुराला पक्का.

देवाला मागते, नको शालू नको चोळी
धन्याच्या हातानं गं, पेटू दे माझी मोळी

बायका माना हलवायच्या. "खरं गं बाई," म्हणायच्या. सात वर्षांच्या हेमांगीला मोळी म्हणजे चुलीपुढची मोळी वाटायची. वडलांनी एकदा चूल पेटवून द्यावी, एवढंच आई मागतेय असं तिला वाटायचं. आणि देव तेवढंही देत नाही, याचा तिला राग यायचा.

ती मोळी सरणाची होती, नवऱ्याआधी जाण्याची, हे पुढं कळलं. देवानं तीही दिली नाही. वडील आधी गेले आणि आई मागं सव्वीस वर्षं जगली. पाच लेकरांकडे दोन-दोन महिन्यांची पाळी ठरली. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आई, असं सामान या घरातून त्या घरात जायचं. कुणी वाईट वागलं नाही. पण नव्या घरी गेल्यावर पहिले चार दिवस आई पाण्याचा पेलासुद्धा विचारून घ्यायची. त्या सव्वीस वर्षांत ती कधी गायली नाही.

हेमांगी आता एकोणसाठ वर्षांची होती, आणि आईनं देवाकडं जे मागितलं होतं त्याचं उत्तर आता रक्ताच्या एका थेंबात मिळत होतं.

त्या तपासणीला आयुर्लेख म्हणत. माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो, आणि जन्मभर त्या धाग्यावर बारीक रासायनिक ठिपके बसत राहतात, काही पुसले जातात. धुरानं, साखरेनं, जागरणानं, झिजवणाऱ्या दुःखानं, नुसत्या वयानंही. ते ठिपके मोजून माणसाच्या शरीराचं वय सांगता येतं, हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ठाऊक होतं. नव्या यंत्रानं वयाच्या पुढचं वाचलं, झिजण्याचा वेग. चाळीस लाख माणसांचं रक्त वर्षानुवर्षं घेऊन, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचा माग ठेवून ते शिकलं होतं. जुनी गोधडी हातात घेतल्यावर जाणत्या बाईला कळतं, कुठला टाका कधी उसवणार, तसंच काहीसं. अपघात त्याला दिसत नव्हता, पूर दिसत नव्हता. पण बाकी सगळं धरून ते उरलेली वर्षं सांगायचं, आणि चुकलं तर पाच-सात महिन्यांनी चुकायचं.

या यंत्रानं दवाखाने बदलले, लग्नं बदलली. पण सगळ्यात आधी पेन्शन बुडाली.

जुनी पेन्शन ही सामाईक विहिरीसारखी होती. कोण किती जगेल हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे आपापली घागर तिच्यात ओतत. जे लवकर जात त्यांचं पाणी मागं राही, आणि जे नव्वदी गाठत ते त्यावर जगत. आकडे कळू लागल्यावर ज्यांची वर्षं थोडी होती ते आपली घागर भरून घेऊन निघून गेले. मागं उरले ते सगळे लांब आयुष्याचे. विहीर तीन वर्षांत आटली. मग मुदतखातं आलं. पैसे ज्याचे त्याचे, वर्षंही ज्याची त्याची. दर वर्षी मार्चअखेर सांगायचं, मला एवढी वर्षं काढायचीत. साठलेले पैसे तेवढ्या महिन्यांना वाटून मिळणार.

तिचा नवरा रणजित विजेच्या कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झाला त्या ऑक्टोबरात दोघं विश्रामबागच्या आयुर्लेख केंद्रात गेली. कागद कुणाला देत नसत. एका बंद खोलीत बसायचं, पडद्यावर आकडा एकदाच दिसायचा, आणि मग दुसऱ्या कुणाला तो विचारायचा अधिकार नव्हता.

हेमांगी आधी आत गेली. एकतीस वर्षं.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. चपला काढल्या आणि गार फरशीवर तळवे टेकवले. दहा मिनिटांनी रणजित बाहेर आला आणि तिच्या शेजारी न बसता समोर उभा राहिला.

"किती?" तिनं विचारलं. कायदा परक्यांना होता.

"चार. वर दोन महिने." तो हसला. "त्यात काय एवढं? एकदा बुधगावच्या खांबावर चिकटलो होतो, तेव्हाच जायचो. हा सगळा वरचा माल आहे."

"अहो..."

"माझं सोड गं." आता तो बसला. आवाज एकदम खाली गेला. "तुझ्या आईची पेटी मी उचललीय, हेमा. नऊ वेळा. दर वेळी रिक्षात ती मला म्हणायची, जावईबापू, आता शेवटचंच बरं का. तू तशी... मी गेल्यावर तू तशी पेटी घेऊन... किती आलंय तुझं?"

त्याचे डोळे तिच्या तोंडावर होते. चाळीस फुटी खांबावर चढताना न घाबरलेला माणूस आता घाबरला होता.

"मी तुमच्या आधी जाणार," ती म्हणाली. "तीन वर्षं, आठ महिने."

त्याचा चेहरा आधी पडला, आणि मग सैल झाला. ते सैल होणं तिनं पाहिलं. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि केंद्रातल्या सगळ्या लोकांदेखत रडला, आणि रडता रडता म्हणाला, "म्हणजे शेवटचे सहा महिने भाकरी मलाच थापायची?"

दुसऱ्या दिवसापासून तो परातीपुढं बसला.

"पाण्याचा हात फिरवा. अहो, हात फिरवा म्हणजे अंघोळ नका घालू तिला."

"हाताला चिकटतंय हे."

"पीठ घ्या की खाली. ही भाकरी आहे का जळका ट्रान्सफॉर्मर?"

"सहा महिने काढायचेत गं फक्त. मेडल घ्यायचं नाही मला."

तो वॉशिंग मशीनची बटणं शिकला. डाळीच्या डब्यांवर त्यानं नावं लिहिली. तूर आणि हरभरा तरी चुकायचाच. पुण्याला असलेल्या लेकीला, ईश्वरीला, इतक्यात काही सांगायचं नाही असं त्यानंच ठरवलं. "पोरीनं तीन वर्षं रडत का काढायची? शेवटी सांगू." रोज सकाळी तो हेमांगीच्या आधी उठायचा, चहा करायचा आणि कप तिच्या उशाशी ठेवून तिच्याकडं बघत बसायचा. तिला जाग असायची. ती डोळे मिटून पडून राहायची. तिच्या मरणावर एवढी माया कुणी केली नव्हती, आणि ते मरण तिच्याकडं नव्हतंच.

डिसेंबरात तो बेत घेऊन आला. दोघांचं मिळून एकच खातं होतं. तीस वर्षं त्याच्या पगारातून आणि तिच्या शिवणातून थोडं थोडं साठलेलं. एक कोटी चाळीस लाख.

"चार वर्षांची मुदत घातली तर महिन्याला जवळजवळ तीन लाख येतात!" तो म्हणाला. "आयुष्यात एवढं बघितलंय का? तुला शिलाँगला नेतो. ढग पायाखाली असतात म्हणे. आपण जाईपर्यंत सगळं उडवायचं, मागं छदाम ठेवायचा नाही."

"ईश्वरीला?"

"तिला आपलं हे घर राहतंय की. काय बोलतेस?"

"बघू," ती म्हणाली.

जानेवारीत ती एकटीच मुदतखात्याच्या कार्यालयात गेली. सल्ला द्यायला सानिया तांबोळी नावाची मुलगी होती, असेल अठ्ठावीसची.

"माझ्या मैत्रिणीचं विचारायचंय," हेमांगी म्हणाली.

"विचारा की मावशी."

"समज एखादीनं मुदत कमी सांगितली आणि जगली जास्त. तर?"

"तर मुदत संपली की खातं रिकामं."

"नंतर वाढवून मिळत नाही?"

"कमी करता येते, वाढवता येत नाही." सानियानं पडद्यावर दोन रेघा काढल्या, एक उंचसखल आणि एक सरळ. "हे बघा. ज्याला तीस वर्षं काढायचीत त्याचे निम्म्याहून जास्त पैसे आम्ही शेअरमध्ये ठेवतो. बाजार पडला तर पडू दे, त्याला थांबायला वेळ आहे, महागाईच्या पुढं राहायला तेच लागतं. चार वर्षंवाल्याला थांबायला वेळ नाही. त्याचे सगळे काढून ठेवीत आणायचे आणि महिन्याला वाटायचे. एकदा वाटलेले परत कुठून आणू मी?"

"आणि नवरा-बायकोचं एकत्र असेल तर?"

"मुदत एकच. जो जास्त जगणार त्याची. म्हणून दोघांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं."

"वेगळं करता येतं खातं?"

"दोघांची संमती हवी. आणि का वेगळं करताय, ते दोघांसमोर लिहायचं." सानियानं पडद्यावरच्या रेघा पुसल्या. "मैत्रिणीला म्हणावं, मार्चअखेरच्या आत काय ते ठरवा. एक एप्रिलला पहिला हप्ता निघाला की मग माझ्याही हातात काही नाही."

हेमांगी बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, लोक होते, उसाचा रस पिळणारं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं. बोलली तर नवऱ्याची झोप जाणार. नाही बोलली तर तीन लाखांत चार वर्षं, आणि त्याच्यापुढं सत्तावीस वर्षं ईश्वरीच्या दारात, पाण्याचा पेला विचारून.

मग तिनं मधली वाट काढली. माधवनगरला बायकांची एक सहकारी संस्था दवाखान्यांसाठी रुग्णांचे झगे शिवायची. मशीन चालवणारी जुनी माणसं त्यांना हवीच होती. सकाळी साडेदहा ते दुपारी दीड. महिन्याला नऊ हजार. त्यातले सहा हजार तिनं आपल्या एकटीच्या नावावर दरमहा गुंतवायला सुरुवात केली, एकतीस वर्षांसाठी. घरी सांगितलं, हरिपूरला संगमावर देवाला जाते.

एका झग्याला सहा बंद. पाठीमागून उघडा, म्हणजे डॉक्टरला बरं. बंद शिवताना ती हिशोब करायची, की या सहा हजारांतून ऐंशीव्या वर्षी काय उभं राहील. उभं राहायचं ते थोडंच. दोन वाजता घरी यायची तेव्हा भाकरी फडक्यात गुंडाळून तो दारात बसलेला असायचा.

"काय मागतेस गं एवढं देवाला? रोज चार तास?"

"काही नाही. बसते."

"माझ्याजवळ बस की. मीसुद्धा काही बोलत नाही, दगडासारखाच असतो." मग भाकरीचं फडकं सोडत म्हणाला, "चार वर्षं मिळालीत. त्यातला तुझा देव रोज केवढा तुकडा काढून घेतोय."

ती हात धुवायला मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिच्या एकतीस वर्षांसाठी ती त्याची चार वर्षं कापत होती. हे तिला मशीनवर कळत होतं, रिक्षात कळत होतं. उद्यापासून जायचं नाही, असं ठरवायची. मग आईची पत्र्याची पेटी दिसायची, कडीला सुतळी बांधलेली, आणि दहाला ती परत निघायची.

फेब्रुवारीत एके दिवशी तो डबा घेऊन हरिपूरला गेला. तिला चकित करायला. पिठलं, स्वतः थापलेल्या भाकरी, ठेचा. देवळात शोधली, घाटावर शोधली. घरी आल्यावर त्यानं डबा तसाच ओट्यावर ठेवला.

"नव्हतीस तिथं."

"मागं बसले होते. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला. तिकडं सावली असते."

"असं होय," तो म्हणाला. "मला सुचलंच नाही बघ मागं जायचं." आणि त्यानं डबा उघडून तिला वाढलं. तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मार्चच्या एकोणतीस तारखेला, सकाळी अकराला, दोघं मुदतखात्याच्या कार्यालयात गेली. रणजितनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सानियानं हेमांगीकडं पाहिलं, ओळखलं, आणि ओळख दाखवली नाही.

"बसा काका. बसा मावशी. पुढच्या वर्षाची मुदत नोंदवायची ना? आधी तुम्ही सांगा, मग मावशी. माइक चालू आहे."

"ऑक्टोबरापासून धरून चार वर्षं दोन महिने," रणजित मोठ्यानं म्हणाला, जणू वरच्या खांबावरल्या माणसाला ओरडून सांगतोय. मग पुढं झुकला. "पोरी, एक विचारू? ही माझ्या सहा महिने आधी जाणार आहे."

"काका, ते मला सांगायचं नसतं."

"असू दे गं, तू काय परकी आहेस? तर त्या सहा महिन्यांचे माझ्या एकट्याचे पैसे उरतात. ते आधीच काढून हिच्या महिन्यांत घालता येतील का? म्हणजे हिला जरा सढळ होईल. मला एकट्याला लागतंय काय? आणि भाजीचं काय, मी मंडईतनं संध्याकाळी जाऊन आणीन, तेव्हा स्वस्त देतात."

सानियाची बोटं थांबली.

"घालता येतील का नाही?" रणजितनं परत विचारलं. "नियमात बसत नसेल तर तसं सांग."

हेमांगीनं त्याच्याकडं पाहिलं. नसलेल्या सहा महिन्यांची, संध्याकाळच्या भाजीत काटकसर करून, तो तिला भेट देत होता.

"मावशी," सानिया हळूच म्हणाली. "तुमची मुदत?"

"बोल की," रणजित म्हणाला. "लाजतेस काय?"

"एकतीस," हेमांगी म्हणाली.

"काय एकतीस?"

"वर्षं. माझी."

सानियानं माइक बंद केला. उठून ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. रणजित टेबलाच्या कडेकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते. बेरीज करत असावा.

"नव्वद," तो म्हणाला.

"हो."

"आणि हरिपूर?"

"एकदाही गेले नाही. माधवनगरला झगे शिवत होते. दवाखान्याचे. मागं काहीतरी राहावं म्हणून."

"तीन महिने?"

"तीन महिने."

त्यानं खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, परत घातली. रागवायला जागा शोधत होता आणि मिळत नव्हती. शेवटी त्यानं खुर्ची तिच्याकडं वळवली. आवाज अगदी मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा.

"मला भीती वाटत होती. ती जावी म्हणून बोललीस. होय ना? माझ्यासाठीच बोललीस तू."

हो म्हटलं की संपलं असतं. त्यानं दार उघडून धरलं होतं. पाच महिने ती स्वतःलाही हेच सांगत आली होती. घरी जाता आलं असतं, मुदत एकतीसची घालून, महिना चाळीस हजारांत, एकमेकांना माफ करून.

"नाही," ती म्हणाली. "तेवढंच नव्हतं."

"मग?"

"माझा आकडा मला आधी कळला होता. तुम्ही आत होता तेव्हा मी बाकावर एकटी होते. आणि अहो, मला आनंद झाला होता. एवढा, की बसवत नव्हतं मला. नव्वद वर्षं, ह्या डोळ्यांनी. आई म्हणायची तसं, नवऱ्याआधी जावं असं, कधी माझ्या मनात आलंच नाही, मी तोंडानं म्हणायचे नुसतं. मग तुम्ही बाहेर आलात, चार म्हणालात, आणि मला वाटलं, आता ह्यांना माझ्या तोंडावर दिसणार. म्हणून घाईघाईनं मारून टाकलं मी स्वतःला."

तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"तुम्ही गेल्यावर मी रडणार आहे. फार रडणार आहे. पण तुमचा आकडा कळल्यावरही तो आनंद गेला नाही. अजून गेलेला नाही. मला जगायचंय हो."